खानापूरच्या जंगलातून आफ्रिकेपर्यंत: जगातील वन्यप्राण्यांची ओळख करून घेणाऱ्यांसाठी

दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर आफ्रिकेतले सिंह, पाणघोडे आणि जिराफ पाहून अनेकांना वन्यप्राण्यांची गोडी लागते. पण पुढे काय वाचावे, कोठे जावे आणि काय पाहावे हे सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून ती गोडी महिन्याभरात ओसरते. हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हल्याळ या भागांतील अशा वाचकांसाठी आहे. मी स्वतः हा अभ्यास कोणत्याही अभ्यासक्रमाविना, वाचनालय, प्राणिसंग्रहालय आणि आसपासचे जंगल यांच्या आधाराने केला. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. जगातील प्राण्यांची यादी पाठ करायला बसू नये. आपल्या जंगलातला एक प्राणी नीट ओळखावा आणि त्याचे नातेवाईक व समव्यवसायी, म्हणजे दुसरीकडे तेच काम करणारे प्राणी, शोधत इतर खंडांत जावे. असे शिकलेले सहसा विसरत नाही.

सुरुवातीला काय जवळ असावे

दोनशे पानी वही, शिसपेन, जगाचा प्राकृतिक नकाशा आणि आधारकार्ड एवढ्यावर काम सुरू होते. नकाशा राजकीय घेऊ नका. प्राण्यांना देशांच्या सीमा ठाऊक नसतात, त्यामुळे पर्वत, वाळवंटे आणि नद्या दाखवणारा नकाशाच उपयोगी पडतो. दुर्बीण पहिल्याच दिवशी लागत नाही. घ्यायचीच झाली तर ८×४२ मापाची घ्यावी. यातील ८ हा आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. दुकानदार २० पट किंवा ३० पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुढे करतात, परंतु ती हातात स्थिर राहत नाही आणि दाट झाडीत तिच्यातून अंधारच अधिक दिसतो.

पायरी १: घरचा प्राणी निवडा

आपला बेळगाव जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यात पावसाने चिंब होणारे सह्याद्रीचे जंगल आहे, तर पूर्वेला अथणी, गोकाक, सौंदत्ती या बाजूंना कोरडी माळराने आहेत. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा, शेकरू, खवल्या मांजर हे सारे या पट्ट्यातले रहिवासी आहेत. माळरानाचा प्राणी हवा असेल तर काळवीट घ्यावा. त्याच्यासाठी राखलेले राणेबेन्नूरचे अभयारण्य हावेरी जिल्ह्यात आहे.

यांपैकी एकच प्राणी निवडा आणि वहीची पहिली दहा पाने त्याला द्या. तो काय खातो, कळपाने राहतो की एकटा, पिल्ले किती होतात, पाऊलखुणा कशा दिसतात आणि उन्हाळ्यात पाणी कोठे पितो, अशा प्रश्नांची उत्तरे मिळवा. पुस्तकांइतकीच माहिती तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडे आणि गवळ्यांकडे असते. गवे कोणत्या महिन्यात भातात उतरतात हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. मात्र ऐकलेले आणि वाचलेले वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी दोन्हींची सरमिसळ होते.

पायरी २: प्रत्येक प्राण्याचे नाव तीन रकान्यांत लिहा

पहिल्या रकान्यात मराठी नाव, दुसऱ्यात कन्नड नाव आणि तिसऱ्यात शास्त्रीय नाव असावे. आपल्या भागात वनखात्याचे आणि प्राणिसंग्रहालयाचे फलक कन्नडमध्ये व इंग्रजीत असतात, त्यामुळे हुली म्हणजे वाघ, चिरते म्हणजे बिबट्या, करडी म्हणजे अस्वल आणि काडुकोण म्हणजे गवा एवढे तरी प्रारंभीच ठाऊक असावे. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते व त्यातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा असतो. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या आणि दक्षिण अमेरिकेतील जॅग्वार या पाचही प्राण्यांच्या नावाचा पहिला शब्द पँथेरा असाच आहे, म्हणजे ते एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. चित्ता अंगावर ठिपके बाळगूनही या घराण्यातला नाही. त्याच्या नावाचा पहिला शब्द ॲसिनोनिक्स असा आहे.

येथेच नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडे थांबून पाहू. चित्त्याच्या अंगावरचे ठिपके भरीव, काळे आणि सुटेसुटे असतात आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी एक काळी रेघ उतरते. ही रेघ दिसली की शंका उरत नाही. बिबट्याच्या अंगावर भरीव ठिपक्यांऐवजी तुटक काळ्या कड्या असतात आणि कडीच्या आतला रंग बाहेरच्या रंगाहून किंचित गडद असतो. जॅग्वारच्या कड्या मोठ्या असतात आणि पुष्कळशा कड्यांच्या आत पुन्हा एक-दोन बारीक ठिपके असतात. शिवाय त्याचे डोके रुंद आणि पाय आखूड असतात. दांडेलीच्या जंगलात कधीमधी दिसणारा काळा प्राणी हा वेगळ्या जातीचा नसून काळे रंगद्रव्य अधिक असलेला बिबट्याच आहे. तिरप्या उन्हात त्याच्या काळ्या अंगावरही त्याच कड्या उमटलेल्या दिसतात.

चित्त्याचा आपल्या प्रदेशाशी संबंध जुना आहे. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणले जात. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले.

पायरी ३: नात्याने आणि कामाने इतर खंडांत जा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आधी नाते पाहा.

गव्यापासून सुरुवात केली तर आपली गाय, हिमालयातला याक आणि आग्नेय आशियातला बांटेंग ही एकाच प्रजातीतली भावंडे निघतात आणि उत्तर अमेरिकेतला बायसन त्यांच्या अगदी जवळ बसतो. आफ्रिकेतील रानम्हैस मात्र दिसायला गव्यासारखी भारदस्त असूनही नात्याने आपल्या गोठ्यातल्या म्हशीला जवळची आहे. पूर्ण वाढलेला गवा वजनाने एक टनापर्यंत जातो. त्याच्या खांद्यांवरून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला उंचवटा आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय एकदा नीट पाहिले, की बायसनच्या चित्रात काय वेगळे आहे ते आपोआप दिसते: त्याचे सारे केस आणि सारा भार पुढच्या अर्ध्या भागात असतो. बर्फात खुपसलेले डोके डावी-उजवीकडे हलवून त्याला खालचे गवत उघडे करायचे असते आणि त्यासाठी मानेला व खांद्यांना बळ लागते.

रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसुंदा, शिट्टीसारखा आवाज काढून कळपातल्या सोबत्यांशी संपर्क ठेवतो. त्याचा आफ्रिकेतला सोबती म्हणजे तेथला चित्रविचित्र ठिपक्यांचा रानकुत्रा. दोघेही कळपाने सावजाला पळवून दमवतात आणि दोघांच्याही कळपात शिकार झाल्यावर पिल्लांना आधी खाऊ देण्याची रीत आहे. फरक पायात आहे: आफ्रिकेतल्या रानकुत्र्याच्या पुढच्या पायाला चारच बोटे असतात, तर कुत्र्यांच्या घराण्यातील बाकी सर्वांना पाच. दोन्ही जाती आज संकटात आहेत आणि कारणेही बरीचशी सारखीच आहेत, म्हणजे भक्ष्याची कमतरता, तुटलेली जंगले आणि पाळीव कुत्र्यांपासून लागणारे रोग.

नाते संपले की काम पाहा. खवल्या मांजर मुंग्या आणि वाळवी खाते. त्याला दात नसतात, जीभ लांब व चिकट असते, पुढच्या पायांची नखे वारूळ फोडण्याजोगी असतात आणि अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. त्याच्या एकूण आठ जाती असून चार आशियात व चार आफ्रिकेत आहेत. आता दक्षिण अमेरिकेत जा: तेथे मोठा मुंगीखाऊ हेच काम करतो, पण त्याचे नातलग स्लॉथ आणि आर्माडिलो आहेत. आफ्रिकेत आर्डव्हार्क हेच काम करतो आणि त्याचे दूरचे नाते हत्तीशी आहे. ऑस्ट्रेलियात एकिडना हेच काम करतो आणि तो तर अंडी घालतो. या चौघांना एका पानावर शेजारी काढा. लांब तोंड, लांब जीभ आणि बळकट नखे चौघांतही सापडतील, मात्र घराणी चार असतील. सारखे अन्न मिळवताना शरीरे सारखी घडत जातात, ही गोष्ट चार प्राण्यांच्या चित्रांवरून जितकी पटते तितकी मोठ्या व्याख्येवरून पटत नाही. दांडेलीचा धनेश आणि दक्षिण अमेरिकेचा टूकन यांच्या मोठ्या चोची याच जातकुळीच्या आहेत. पक्षी मात्र दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत.

भीमगडच्या परिसरातील बारापेडे गुहांतल्या वटवाघळाचा उल्लेख केल्याशिवाय ही पायरी सोडता येत नाही. रॉटनचे वटवाघूळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जातीचे वर्णन १९१३ मध्ये झाले आणि त्यानंतर कित्येक दशके जगात तिचा ठावठिकाणा फक्त येथेच माहीत होता. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. तिचीच आफ्रिकन बहीण केनियातील सुस्वा पर्वताच्या लाव्हापासून झालेल्या गुहांत राहते. खानापूर आणि केनिया यांना असे एक वटवाघूळ जोडते! मात्र ते पाहण्यासाठी गुहेत शिरण्याचा विचारही करू नका. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि उजेडाने व आवाजाने बिथरलेल्या माद्यांची पिल्ले खाली पडून मरू शकतात.

पायरी ४: नकाशावर खुणा करा

वहीत आलेला प्रत्येक प्राणी नकाशावर टाका. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस याने १८७६ मध्ये पृथ्वीचे प्राण्यांच्या दृष्टीने सहा प्रदेश केले होते आणि ती विभागणी आजही ढोबळमानाने उपयोगी पडते. इंडोनेशियातील बाली आणि लोंबोक ही बेटे एकमेकांच्या समोर आहेत, तरी त्यांच्यामधून जाणाऱ्या रेषेच्या पश्चिमेला आशियाई प्राणी आणि पूर्वेला हळूहळू ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी दिसू लागतात, कारण मधली सामुद्रधुनी खोल असून हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हाही ती कोरडी पडली नाही.

नकाशा भरताना काही चुकीच्या समजुती आपोआप गळून पडतात. आफ्रिकेत रानटी वाघ नाहीत. ध्रुवीय अस्वल उत्तरेला आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धात, त्यामुळे दोघांची भेट फक्त जाहिरातीत होते. विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवरही पेंग्विन आहेत, हे विसरू नका. लेमूर केवळ मादागास्कर आणि जवळच्या बेटांवर सापडतात. रानात राहणारे सिंह आफ्रिकेबाहेर फक्त गुजरातेत उरले आहेत आणि २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. उंटाचे घराणे मूळचे उत्तर अमेरिकेतले आहे आणि दक्षिण अमेरिकेतील लामा हे त्याच घराण्याचे.

पायरी ५: प्रत्यक्ष पाहायला जा, पण एका वेळी थोडेच पाहा

जवळचे ठिकाण म्हणजे महामार्गालगतचे भूतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय. तेथे वाघ, सिंह, बिबटे पाहता येतात. पुढची पायरी म्हणजे म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय, जे १८९२ पासून चालू आहे. जिराफ, झेब्रा, पाणघोडे तेथे आहेत आणि २०२१ मध्ये जर्मनीहून आलेले दोन गोरिलाही आहेत. बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास दुसरा पूर्ण दिवस मिळतो. मात्र मंगळवारी ते बंद असते हे लक्षात ठेवा. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत. काहींना ते पाहणे नकोसे वाटते आणि शिकारीचा तो काळ मलाही आवडत नाही, परंतु दात, नखे, खूर आणि शिंगांची ठेवण इतक्या जवळून अन्यत्र पाहता येत नाही.

पिंजऱ्यांसमोरून धावत सारे संग्रहालय उरकू नका. तीन-चार प्राणी आधी ठरवा आणि प्रत्येकासमोर किमान अर्धा तास उभे राहा. जिराफ चालू लागला की त्याचे पाय पाहा: एका बाजूचे पुढचे व मागचे पाऊल जवळजवळ एकाच वेळी उचलले जाते आणि त्यामुळे त्याचे धड बोटीसारखे डोलते. त्याची मान एवढी लांब असूनही तिच्यात मणके सातच असतात, तुमच्या-माझ्या मानेत असतात तितकेच. पाणघोडा पाण्यात असताना फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या वर राहतात, कारण तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला एका पातळीत आहेत. तो पाण्याबाहेर डोके काढतो तेव्हा कान कसे गरगर हलवतो ते पाहण्यासारखे असते. हत्तीच्या सोंडेचे टोक बघा. आपल्या हत्तीच्या सोंडेला एकच बोट असते, आफ्रिकेतील हत्तीला दोन. काळवीट आणि सांबर शेजारी असतील तर शिंगांकडे लक्ष द्या: सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे भरीव असतात, ती दरवर्षी गळून नवी येतात; काळवीट, नीलगाय आणि चौसिंगा यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. आफ्रिकेतील इम्पाला, कुडू, विल्डबीस्ट हे सारे दुसऱ्या गटातले आहेत, आणि सहाराच्या दक्षिणेला रानटी हरणांची पहिल्या गटातली एकही मूळ जात नाही.

जंगलात जायचे असेल तर दांडेलीजवळचा काळी व्याघ्र प्रकल्प सोयीचा आहे. मुसळधार पावसाच्या दिवसांत सफारी बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतचा काळ धरावा. चालत फिरायच्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवावी. परवानगी मिळवून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर टाळा, आणि वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट वाहनचालकाकडे धरू नका. त्या हट्टापायी गाड्या प्राण्याला घेरतात.

पायरी ६: आलेली माहिती पारखून घ्या

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलू तळावरचे हत्ती आणले गेले. त्या दिवसांत मोबाइलवर कुठले कुठले बिबटे बेळगावचे म्हणून फिरत होते. आता तर संगणकाने तयार केलेल्या चित्रफिती इतक्या हुबेहूब असतात की अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो. पारखण्याची माझी पद्धत साधी आहे. आधी प्राणी कोणता ते ठिपक्यांवरून ठरवायचे, मग मागची झाडी त्याच्या प्रदेशातली आहे का ते पाहायचे, मग सावली आणि पायांची हालचाल पाहायची. एवढ्यात बहुतेक खोट्या चित्रफिती उघड्या पडतात.

एखादी जात किती धोक्यात आहे हे पाहण्यासाठी निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेची लाल यादी वापरा. ती १९६४ पासून तयार केली जाते, इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते आणि शास्त्रीय नाव टाकले की प्राण्याच्या प्रसाराचा नकाशाही मिळतो. दुसऱ्या पायरीतला तिसरा रकाना येथे उपयोगी पडतो. स्वतः काढलेली छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकली तर जाणकार ओळख पटवून देतात. परंतु खवल्या मांजरासारख्या तस्करांच्या डोळ्यावर असलेल्या प्राण्याचे नेमके ठिकाण कधीही उघड करू नका. छायाचित्रातली जागेची नोंद आधी बंद करा.

पायरी ७: आवड वाढली की पाळण्याचा मोह होतो, तो आवरा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला हिरवा पोपट आणि अंगावर चांदण्यांची नक्षी असलेले कासव घरी ठेवणे गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो. परदेशी मकाव पोपट किंवा इग्वाना यांसारखे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते; खरेदीची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले लहानसे कासव मूळचे उत्तर अमेरिकेतले आहे. ते पुढे ताटलीएवढे होते आणि मग कंटाळलेले लोक ते तळ्यात सोडून देतात. तेथे ते देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण करते. आधीच घरात असेल तर ते घरातच सांभाळा किंवा वनखात्याला विचारा, पण किल्ला तलावात वा मलप्रभेत सोडू नका.

जखमी किंवा वाट चुकलेला वन्यप्राणी आढळला तर त्याला हात लावू नका, पाणी पाजण्याची घाई करू नका आणि गर्दी जमवू नका. कर्नाटक वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करून गावाचे नाव, जवळची ओळखीची खूण आणि प्राण्याची स्थिती सांगा, आणि पथक येईपर्यंत मोकाट कुत्र्यांना दूर ठेवा.